न वाजलेली घंटी

जानेवारीतली गोष्ट. आर्वी तालुक्यातल्या एका गावातून सकाळी सातला फोन आला. "भाऊ, बाबानं रातभर बटन दाबलं, पन घंटी वाजलीच नाही जी."

पंधरा दिवसांपूर्वी त्या घरात मीच झिगबीचं, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या घरगुती रेडिओ जाळ्यावरचं, बिनतारी बटण बसवलं होतं. आबांना लकवा मारलेला, उजवी बाजू गेली, त्यांचं बोलणं कोणाला कळत नाही. मुलगा रात्रीच्या लाईनवर गहू ओलायला वावरात. म्हणून बटण खाटेच्या डाव्या पाटीला लावलं. एकदा दाबलं की मागच्या खोलीत घंटी, दाबून धरलं की मुलाच्या मोबाईलवर निरोप. ही सगळी उपकरणं चालवणारी होम असिस्टंट ही प्रणाली घरातल्याच रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर चालते, त्यामुळे नेट गेलं तरी घंटी वाजायला हवी होती.

पोचलो तेव्हा काकू ओली वाकळ उन्हात टाकत होत्या. आबा थंडीत तसेच पडून राहिले होते. माझ्याकडे बघून त्यांनी डावा अंगठा हवेत दोन-तीनदा दाबून दाखवला. मला मान वर करवेना.

बटण दाबलं. घंटी लगेच वाजली! सेल काढून मोजला, सीआर २०३२, पूर्ण तीन व्होल्ट. रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टाला झिगबीचे सिग्नल घेणारं डोंगल चिकटून होतं. त्या पोर्टातून झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्झ लहरींमध्ये गोंगाट होतो, म्हणून ते दीड मीटरच्या वायरीवर लांब नेलं. पण एवढ्यानं रात्रभर घंटी मुकी राहील, हे मला पटेना. मुक्काम केला.

जेवणं झाली. साडेनऊला काकू उठल्या आणि एकेका खोलीतली बोर्डावरची बटनं बंद करत गेल्या. माजघरातलंही केलं. मी आबांना खूण केली. त्यांनी दाबलं. काहीच नाही.

"रातच्याले सारे बटन बंद करूनच झोपतो ना आमी. लाईनीचा काही भरोसा हाये का?" काकू म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. घरं जुनी, वायरिंग जुनं. असंच करायला हवं. चूक माझी. घराच्या भिंती मातीच्या, दीड हात जाड. खाटेपासून रास्पबेरी पायपर्यंत सिग्नल जाईना, म्हणून माजघरात मी सिग्नल पुढे धाडणारा एक स्मार्ट प्लग लावला होता. सेलवरचं बटण सतत झोपलेलं असतं. दाबलं की जागं होऊन जवळच्या चालू उपकरणामार्फत निरोप धाडतं. इथे ते उपकरण म्हणजे तो प्लग. तो मेला की बटणाने दुसरी वाट शोधायला हवी, पण काही बटणं ती सहजी शोधत नाहीत. शिवाय शोधली असती तरी त्या भिंतींमधून दुसरी वाट होती कुठे? पहिले आठ दिवस काकू लेकीकडे होत्या, मुलगा बोर्ड बंद करत नसे, म्हणून सगळं सुरळीत वाटलं.

आणखी एक जागा मी तपासली नव्हती. झिगबी२एमक्यूटीटी, म्हणजे झिगबीची उपकरणं होम असिस्टंटला जोडणारा प्रोग्राम, त्यात विजेवरचं उपकरण गप्प झालं तर दहा मिनिटांत कळतं, सेलवरचं गेलं तर पंचवीस तासांनी. म्हणजे बटणाच्या भरवशावर इशारा मिळण्याची आशाच फोल. प्लगवर लक्ष ठेवायला हवं होतं, आणि तो इशारा मी लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरच्या लाईनवरून बिनबटणाचं सॉकेट काढून प्लग तिथे लावला. जोडणीची परवानगी फक्त त्या प्लगमधून उघडून, म्हणजे बटण त्याच्याच मार्फत जोडलं जाईल असं करून, ते नव्याने जोडलं. प्लग दहा मिनिटं गप्प राहिला तर मुलाला निरोप जाईल असंही केलं. आणि खाटेच्या पाटीला साध्या दाराच्या बेलचं बटण, तार ओढून. आजाऱ्याच्या उशाशी फक्त बिनतारी भरवसा ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. तेव्हापासून मी दुसरी साधी घंटी लावल्याशिवाय असं काम घेतच नाही.

रात्री काकूंनी पुन्हा सगळे बोर्ड बंद केले. मी मेनही पाडला. आबांनी दाबलं. मागच्या खोलीत घंटी वाजली, आणि तपासणी चालली आहे हे माहीत असूनही काकू पाण्याचा गडवा घेऊनच आल्या.