वडिलांचा पेपर हातात आला, आधी काय बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जिल्ह्याचं दैनिक वडील चालवायचे, आता ते मुलावर किंवा मुलीवर आलंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी मांडणीकडे आणि ई-पेपरकडे जातो. तो थांबवा आणि शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून तिथे कुणाची नावं आहेत?

पेपर प्रायव्हेट लिमिटेडचा असेल तर मालक कंपनीच राहते, फक्त शेअर वारसांकडे येतात. पण तो वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं आई, आजी हयात असेल तर तीही, आणि सगळी भावंडं मालक होतात, लग्न झालेली बहीणसुद्धा. घरात गोडी आहे तोवरच सगळ्यांची लेखी संमती घ्या. १८६७ चा जुना कायदा (पीआरबी) जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झालाय. मालक-प्रकाशकाच्या बदलाचा अर्ज आता सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर करायचा. तळाच्या त्या ओळीत अजून 'पीआरबी कायद्यानुसार' छापून येत असेल तर तेही बदला.

मग खरा खप काढा. वितरण विभागाचा आकडा किंवा मशीनचा काउंटर धरू नका, कारण रंग जुळेपर्यंत वाया जाणारे अंकही काउंटर मोजतो. कागदाच्या रिळाचं वजन मोजा. पान ३५ बाय ५४.६ सेंटिमीटर आणि कागद ४५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५ ग्रॅम असेल, तर चार पानांचा एक ताव १७.२ ग्रॅमचा होतो, म्हणजे आठ पानी अंक साधारण ३४.४ ग्रॅम. दहा हजार अंकांना ३४४ किलो लागतात, पाच टक्के वाया धरून सुमारे ३६०. लेबलवरच्या वजनातून उरलेलं रीळ आणि कोअर (मधली नळी) वजा केल्यावर रात्रीला २१० किलोच गेलेले दिसले, तर सहा हजारही अंक छापलेले नाहीत.

कागद किलोला साठ रुपये धरला तर वाया जाणारा धरून एका अंकाला साधारण २ रुपये १६ पैशांचा कागद लागतो. किंमत पाच रुपये आणि एजंटाचं कमिशन ३५ टक्के असेल, तर हातात सव्वातीन येतात. उरलेल्या १ रुपया ९ पैशांत शाई, प्लेट, गाडी आणि पगार बसत नाहीत. रंगीत पानाला छपाईच्या चार प्लेट आणि काळ्याला एक, म्हणजे चार पानं रंगीत आणि चार काळी म्हटली तरी रोज वीस प्लेट लागतात. म्हणून पेपर जाहिरातींवर चालतो, आणि म्हणूनच खप फुगवला जातो. सरकारी जाहिरातींसाठीच्या शासनमान्य यादीतला अ, ब, क वर्ग खपावरच ठरतो. पण खपाच्या वार्षिक विवरणाखाली आता तुमची सही असणार आहे. जाहिरातीचा दर खाली आला तरी चालेल, आकडा खरा लिहा. या एका गोष्टीत मी तडजोड सुचवणार नाही.

येणं तपासताना तालुक्याच्या वार्ताहरापासून सुरुवात करा. अनेक ठिकाणी तोच बातमी देतो, तोच एजंट असतो आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीही तोच आणतो. बिल वर्षभर थकलं तरी जाहिरातीवरचा पाच टक्के जीएसटी तुम्ही बिलाच्याच महिन्याच्या विवरणात भरलेला असतो. प्रत्येकाकडून बाकीचा आकडा सहीनिशी घ्या, आणि अनामत किती जमा आहे तेही त्याच कागदावर लिहून घ्या. अनामतीपेक्षा बाकी जास्त निघाली तर त्याचं अंकांचं पार्सल लगेच बंद करू नका. त्याच्या हाताखालच्या विक्रेत्यांची यादी आधी तुमच्याकडे येऊ द्या.