आमची वाटचाल : हेल्पर लिहिलेली पगार स्लिप

रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे, वायर हार्नेस, म्हणजे मशिनींना लागणारे वायरींचे तयार जुडगे बनवतो. वायरी कापायच्या, सोलायच्या, टोकाला टर्मिनल, म्हणजे धातूचं छोटं टोक, क्रिंप करायचं म्हणजे दाबून घट्ट बसवायचं, कनेक्टरमध्ये बसवून टेस्ट करून पाठवायचं. सुरुवात मी आणि दोन बायका. त्याआधी मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत क्वालिटीला होते, माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे कळल्यावर विचारायला गेले तर साहेब म्हणाले, तुमचे मिस्टर कमावतात ना. महिन्याभरात नोकरी सोडली.

आणि तरी माझ्याकडे तेच झालं, हे लिहायलाच हवं. काम वाढलं, क्रिंपिंग मशिनी आल्या, दोन तरुण मुलं कामाला घेतली, त्यांनी मागितला तो पगार दिला, बायकांनी मागितलाच नाही म्हणून वाढवला नाही. मग एक दिवस कोपरखैरण्याहून येणाऱ्या आमच्या ताई वही घेऊन केबिनमध्ये आल्या. रोज किती टर्मिनल मारले, किती रिजेक्ट गेले, सगळं तारखेसकट. म्हणाल्या, "मॅडम, मशीन तीच, माल तोच, मग त्याच्या स्लिपवर ऑपरेटर आणि माझ्या स्लिपवर हेल्पर का?"

मी म्हटलं, ती मुलं उशिरापर्यंत थांबतात. "त्याचा ओव्हरटाइम त्यांना वेगळा मिळतो की." मी म्हटलं, ॲप्लिकेटर, म्हणजे मशीनमधला टर्मिनल दाबणारा साचा, बदलणं, क्रिंप हाइट, म्हणजे दाबलेल्या टर्मिनलची उंची, सेट करणं तेच करतात. "आम्हाला शिकवलं कधी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री 1976 चा समान वेतनाचा कायदा वाचला, आता ते 2019 च्या वेतन संहितेत आलंय. सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर बाई म्हणून कमी पगार देता येत नाही, आणि बरोबरी करायची म्हणून पुरुषांचा पगार कमीही करता येत नाही. म्हणजे फरक मालकानेच भरायचा. भरला. एकदम जमलं नाही, चार महिन्यांत केलं, नवीन टेस्टिंग बोर्ड घ्यायचा होता तो पुढे ढकलला.

पगारापेक्षा अवघड गेलं ते सेटिंग शिकवणं. मुलं म्हणायची, जमणार नाही यांना. शनिवारी दोन तास मशीन बंद ठेवून मायक्रोमीटर कसा धरायचा, वायर ओढून बघायच्या पुल टेस्टमध्ये टर्मिनल निसटलं तर काय बघायचं, इथपासून शिकवलं. आज दोन सेटर बायका आहेत, ताई त्यातल्या एक, आणि पगार कामावर ठरतो, कुठल्या कामाला किती तो तक्ता सगळ्यांना दिसेल असा हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी लावलाय.

परचेस आणि डिस्पॅचला अजून एकही बाई नाही, ते मला खटकतं. परचेसची जागा आता काढलीये. जाहिरातीत पगार लिहिलाय, आणि आधीचा पगार किती होता हे आता आम्ही कुणालाच विचारत नाही, कारण आधीच्या ठिकाणी जिला कमी दिलं तिला त्याच आकड्यावरून पुढेही कमीच मिळत राहतं.