करंटची गाडी कुठल्या क्लासमध्ये?

शनिवार-रविवार मी पेनसिल्व्हेनियातल्या एका ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, गाड्या तपासायला असतो. शेजारच्या न्यू जर्सीतली एंगलिशटाउनची स्ट्रिप २०१८ ला बंद झाली, २०२३ मध्ये ॲटकोही गेली. तेव्हापासून जर्सीवाले आमच्याच रांगेत. हेल्मेटचा स्नेल स्टिकर (सुरक्षा चाचणीचा), चाकांचे नट, बॅटरी घट्ट धरणारी पट्टी, कुठे तेल गळतंय का, हे बघायचं आणि गाडी सोडायची.

परवा ब्रॅकेट नावाच्या प्रकारात जुनी पेट्रोलची शेव्हरोले नोव्हा आणि नवी इलेक्ट्रिक टेस्ला समोरासमोर आल्या. ब्रॅकेटमध्ये गाडी किती सेकंदांत पळेल तो वेळ आपणच आधी काचेवर लिहायचा; हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. त्याहून जलद पळालात तर बाद. नोव्हाने लिहिले १२.४०, टेस्लाने ११.६०, म्हणजे नोव्हाला ०.८० सेकंद आधी हिरवा दिवा. नोव्हावाल्या काकांचा रिॲक्शन टाइम, म्हणजे हिरव्यानंतर गाडी सुटायला लागलेला वेळ, ०.०२४. सत्तरीतला माणूस! टेस्लावाल्या पोराचा ०.०७१. पण नोव्हा १२.४७ धावली, टेस्ला ११.६१. रिॲक्शन आणि लिहिल्यापेक्षा जास्त लागलेला वेळ मिळून काकांचे ०.०९४, पोराचे ०.०८१; काका ०.०१३ ने हरले.

काकांच्या रनची वेळेची स्लिप बघितली. पहिल्या साठ फुटांना १.८४ सेकंद, सकाळी १.७९ होता. मागचं चाक किंचित जागच्या जागी घसरलं, बस. सुरुवातीला गेलेले पाच शतांश शेवटाला सात होतात, हे इथे कुणालाही विचारा.

टेक रूमच्या (गाड्या तपासायच्या खोलीच्या) दारावर पुढच्या सीझनचा प्रस्ताव लागलाय: इलेक्ट्रिक गाड्यांना वेगळा क्लास. काका तावातावाने म्हणाले, "बघितलंस ना? मी हरलो नाही, मला कॉम्प्युटरने हरवलं." खोटं नाही ते. टेस्लाचं चाक घसरायला लागलं की पॉवर आपोआप कमी होते. काकांचा सगळा हिशेब उजव्या पायात. पण मग गेल्या वर्षीची मस्टँग? पेट्रोलवर चालते, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल कंपनीचंच, आणि तिच्याबद्दल प्रस्तावात अवाक्षर नाही. हरकत कॉम्प्युटरला आणि नियम बॅटरीवर! अशा प्रस्तावांचा मसुदा नेहमी नुकता हरलेला माणूसच का लिहितो, देव जाणे.

आणि त्या पोराला आयतं मिळालं असंही नाही. चार्ज उतरला, बॅटरी गार-गरम झाली की वेळ सरकतो. सीटवर त्याची वही होती: प्रत्येक रनपुढे चार्जचे टक्के, बॅटरीचं तापमान, हवेतली आर्द्रता. काकांची वहीही तशीच असते, फक्त तेलाच्या डागांची.

वेगळ्या क्लासमध्ये तो धावणार कुणाशी? आमच्याकडे अशा गाड्या येतात मोजून तीन-चार. मी क्लबला मस्टँगचं विचारलंय. "मीटिंगमध्ये बघू," एवढंच उत्तर आलं. काकांना मात्र अजून हे सांगितलेलं नाही; पुढच्या शनिवारी त्यांची गाडी तपासायला आधी माझ्याकडेच यायचीय.