सेव्हन सिस्टर्स : फोटोतली ती घरं नदीच्या पलीकडे आहेत

आधी मुद्द्याचं. पुढे दोन-तीन जुनी धुराड्यांची घरं आणि मागे पांढऱ्याशुभ्र कड्यांची रांग, असा सेव्हन सिस्टर्सचा, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खडूच्या टेकड्यांचा, जो फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरतो, तो सेव्हन सिस्टर्स कंट्री पार्कमधून मिळत नाही. पार्क ककमिअर नदीच्या पूर्वेला. घरं पश्चिमेला, सीफर्ड गावालगतच्या सीफर्ड हेड या टेकाडाच्या बाजूला. नदीच्या मुखाशी पूल नाही. एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर मे महिन्यातल्या एका रविवारी आमची सात-आठ किलोमीटरची फुकट पायपीट वाचली असती.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि पुण्याहून आलेला मेहुणा. मेहुण्याने एक रील पाहिलं होतं, त्यात 'एक्सीटला (पार्कच्या दाराशी असलेला बसथांबा) उतरा, वीस मिनिटं चाला, समोर हा नजारा' असं ठणकावून सांगितलं होतं. ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणारी बारा नंबरची डबलडेकर एक्सीटला सोडते, इथपर्यंत सगळं खरं. तिथून समुद्रापर्यंत जेमतेम दोन किलोमीटरची सपाट वाट आहे. डाव्या हाताला गवताळ टेकड्या, उजवीकडे नदीची ती वळणं. (या वळणांतून नदी आता वाहत नाही. १८४० च्या दशकात सरळ कालवा खणून पाणी तिकडे वळवलं. वळणं नुसती दिसायला उरलीत.) गोट्यांच्या किनाऱ्यावर पोचलो आणि मेहुणा म्हणाला, "दाजी, घरं कुठायत?"

घरं समोरच होती. मधे नदी. हाकेच्या अंतरावर, आणि ओहोटीमुळे पाणी गुडघाभरच वाटत होतं. एकाने पँट दुमडून पाय घातला आणि दहा पावलांत मांड्यांपर्यंत भिजून परत फिरला. उतरू नका. मुखाशी ओढ जोरदार असते आणि भरती कधी फिरली ते कळतही नाही.

मग उलटं एक्सीट. पूल ओलांडून पश्चिम काठाने पुन्हा समुद्र, घरांच्या मागून होप गॅपच्या दिशेने थोडा चढ. फोटो काढला, छान आला, मेहुणा खूश. पण मूळ बेत सातही टेकड्या चालून त्यांच्या पूर्व टोकाचं बर्लिंग गॅप गाठायचा होता, म्हणजे परत पूल. एकच दरी आम्ही तीनदा पाहिली. दुपारचे पावणेतीन वाजले होते.

आता टेकड्यांबद्दल. सगळ्यांत उंच हेवन ब्राऊ, ती ७७ मीटर. आकडा वाचून मी हसलो होतो. आतकरवाडीच्या वाटेने रविवारी सिंहगड करणाऱ्याला ७७ मीटर म्हणजे काय! पण सिंहगडाला एकदा चढलं की चढलं. इथे चढायचं, सगळं उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि पुढच्या सगळ्या एका नजरेत दिसत असतात, म्हणून मन आधीच थकतं. शिवाय नावं मोजली तर सात नाही, आठ भरतात. माझ्या गुडघ्यांनीही आठच मोजल्या.

चढ एकवेळ परवडला, उतार नाही. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. जिथे पायांनी गवत झिजलंय तिथे खालचा खडू उघडा पडलाय, आणि ओला खडू म्हणजे पाटावर ओतलेलं तूप. आपला बसाल्ट ओला असला तरी त्याला खाच असते, बुटाला काहीतरी सापडतं. इथे काहीच नाही. दुसरी संपून तिसरी सुरू होते त्या घळीत मी बसूनच उतरलो. तुम्ही तिथे वाट सोडा आणि आतल्या बाजूला गवतावरून तिरके उतरा.

एक्सीट सोडल्यापासून बर्लिंग गॅपपर्यंत पाणी नाही, संडास नाही, सावली तर नाहीच. माणशी दीड लिटर पाणी घ्या. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाचव्या टेकडीवर संपली.

कड्याला कठडा नाही. किमान पाच मीटर लांब राहा असं सांगतात, ते थट्टेवारी नेऊ नका. वरून गवत अखंड दिसतं. बर्लिंग गॅपचा लोखंडी जिना उघडा असेल तर खाली उतरून वर पाहा, म्हणजे काठाची हिरवळ छज्ज्यासारखी पुढे आलेली दिसेल, खाली आधार काही नाही. तिथल्या रांगेतली काही घरं समुद्राने आधीच गिळलीत. आणि कड्याखालून गोट्यांवरून चालत जायची हुक्की आली तर ती दाबा. मधे वर यायला वाट नाही, भरतीत अडकाल.

बर्लिंग गॅपला साडेपाचला पोचलो तर तिथून त्या दिवशी पुढची बस नव्हती. फोनवर एका टॅक्सीवाल्याने ईस्टबोर्नचे ४५ पौंड सांगितले. मेहुण्याने तोंडी हिशेब केला, "पाच हजार? एवढ्यात मी पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन येईन." वाद चालू असताना कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींनी रस्ता दाखवला. आतल्या बाजूला ईस्ट डीन गाव आहे, चालत वीस-पंचवीस मिनिटं, आणि तिथल्या हमरस्त्यावर तीच बारा नंबरची बस येते. हे गाव लक्षात ठेवा, टॅक्सीला हात लावू नका.

माझं मत सरळ आहे. फक्त फोटो हवा असेल तर कंट्री पार्कात पाऊलच टाकू नका. गाडी असेल तर सीफर्डच्या साउथ हिल बार्नपाशी लावा, नाहीतर सीफर्ड स्टेशनहून सीफर्ड हेडवरून चालत या, आणि दुपारनंतर या. कड्यांची तोंडं नैर्ऋत्येकडे आहेत, सकाळी फोटो काळवंडतो. फोटो आणि टेकड्या दोन्ही हवं असेल आणि दिवसाला २२ किलोमीटर झेपत असतील तर ईस्टबोर्नहून सीफर्डकडे चाला, म्हणजे घरांपाशी ऊन उतरतं तेव्हा पोचाल. वारा मात्र बहुतेक दिवस तोंडावर येईल. वारा नको असेल तर सीफर्डहून निघा आणि फोटोवर पाणी सोडा.

दुसऱ्या दिवशी ईस्टबोर्नजवळच्या बीची हेडच्या कड्यावर गेलो. ऊन होतं, खाली लाल-पांढरं दीपगृह होतं, आइस्क्रीम खाल्लं.

बूट त्याच रात्री धुवा. आम्ही आळस केला आणि सोमवारी सकाळी हॉटेलच्या गालिच्यावर पाटीवर लिहिल्यासारखे सहा पांढरे ठसे होते.