पुढचं औषध ठरण्याआधी

गुरुवार, रात्री

कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे नवं औषध रुग्णांवर तपासणाऱ्या अभ्यासाची, चौकशी लोक फार उशिरा करतात. पहिलं औषध चालेनासं होतं, दुसरं घाईघाईत सुरू होतं, त्याचाही उपयोग थांबतो, आणि मग कुणीतरी ट्रायलचा विषय काढतं. तोवर बरीच दारं बंद झालेली असतात. आधी किती लाइन्स, म्हणजे एकामागून एक किती उपचार, झाल्या याची मर्यादा अनेक ट्रायल्समध्ये असते, आणि काही तर पहिल्याच उपचारासाठी असतात, तिथे औषधाची एक सायकल, म्हणजे एक फेरी, घेतलेला माणूसही बाद होऊ शकतो. चौकशीची खरी वेळ म्हणजे स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसल्यापासून पुढचं औषध ठरेपर्यंतची. मणक्यावर दाब आलाय, धाप लागतेय, अशा वेळी थांबायचं नाहीच. एरवी मात्र "आठ-पंधरा दिवस थांबलं तर चालेल का?" हे डॉक्टरांना सरळ विचारावं.

या दिवसांत आधी शोधायचा तो ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवलेला असतो, काडेपेटीपेक्षा लहान अशा चपट्या प्लास्टिकच्या कॅसेटवर. कॅसेटवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो ना, ते हातात घेतानाच पाहावं. सेकंड ओपिनियनला बहुधा रंगवलेल्या स्लाइड्स आणि रिपोर्टवर काम भागतं. ट्रायलवाले ब्लॉक मागतात, नाहीतर न रंगवलेल्या स्लाइड्सचा गठ्ठा, प्रत्येकीवर चार-पाच मायक्रॉनचा काप. हे काप आधीपासून करून ठेवण्यात शहाणपण नाही, कारण कापून पडलेल्या स्लाइडवर काही मार्कर, म्हणजे चाचणीत शोधायच्या पेशींमधल्या खुणा, कालांतराने फिके येतात.

सुईच्या बायोप्सीत माल मुळातच थोडा. त्यात आज एक मार्कर, महिन्याने दुसरा असं केलं की दर वेळी ब्लॉक पुन्हा मशीनवर लावून सपाट करावा लागतो आणि ते काप फुकट जातात. शेवटी रिपोर्ट येतो, "नमुना अपुरा". म्हणून लागणाऱ्या चाचण्या एकदम मागवाव्यात. हाडाच्या बायोप्सीचं आणखी एक दुखणं: हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो. जनुकांची चाचणी करायची आहे हे लॅबला आधी कळवलं तर आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरता येतं. वेळ जास्त लागतो, पण डीएनए टिकतो.

स्कॅनचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, मूळ चित्रांची सीडी लागते. ट्रायलमध्ये गाठी मोजायच्या रेसिस्ट नावाच्या नियमाने सीटीवर किमान 10 मिलिमीटरची गाठ मोजण्याजोगी धरतात, लिम्फ नोड असेल तर आखूड बाजूचं माप किमान 15 मिलिमीटर. पोटातलं किंवा फुप्फुसाभोवतीचं पाणी मोजण्याजोगं धरत नाहीत. आजार असूनही "मोजता येत नाही" म्हणून नाव गळतं, आणि घरच्यांना ते काही केल्या पटत नाही.

फाइलच्या वर एक पान हवं: औषध, डोस, पहिली तारीख, शेवटची तारीख, थांबवण्याचं कारण. "आजार वाढला" आणि "सोसलं नाही" ही दोन कारणं ट्रायलच्या हिशेबात सारखी नसतात. डिस्चार्ज कार्डांवर नेमकं हेच कारण गाळलेलं असतं.

ट्रायल्सची नोंद असलेल्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या वेबसाइटवर शोधताना "अ‍ॅक्टिव्ह" शब्दावर भुलू नये. "अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग" म्हणजे काम चालू, भरती बंद. "रिक्रूटिंग" दिसलं तरी आपल्या गटात जागा आहे का, हे एनसीटी नंबर (त्या वेबसाइटवरचा ट्रायलचा नोंदणी क्रमांक) सांगून ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला विचारावं लागतं.

संमतीपत्रावर सही केली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही, तिथून स्क्रीनिंग, म्हणजे आपण अटींत बसतो का याची तपासणी, सुरू होतं. आधीच्या औषधानंतर ठरावीक दिवस रिकामे जावे लागतात, बऱ्याचदा दोन ते चार आठवडे. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांच्या, बहुतेक ट्रायल्समध्ये प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. दम्यासाठी किंवा उलटीसाठी कुणी स्टिरॉइड दिलं असेल तर ते लपवू नये. प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीची, भीती जरा जास्तच घेतली जाते. परिणामकारक उपचार उपलब्ध असेल तिथे सहसा तो उपचार दोन्ही गटांना देतात आणि नवं औषध किंवा प्लासिबो त्याच्या जोडीला असतं.

सहीआधी विचारायचं ते इतकंच: जादा स्कॅन आणि प्रवासाचा खर्च कोणाकडे, औषधाने इजा झाली तर उपचार कोण करणार, मध्येच बाहेर पडलं तर नेहमीचे उपचार इथेच मिळतील का, आणि रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा.