१४५६७ लिहून ठेवा

आज वेचणी सोडून शेजारच्या आजीसाठी १४५६७ ला फोन लावला. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. पोरानं वावर नावावर करून घेतलं अन् नागपूर गाठलं. आजीचं सारं आता लेकीवर.

तिकडची ताई मराठीतच बोलली, घाई न करता. म्हणाली, आई-बाप अन् ज्येष्ठांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगीचा अर्ज करता येतो. सांभाळायच्या अटीवर दिलेलं वावर परतही मागता येतं. फक्त बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या बाप्पा, तोंडी भरवसा कामाचा नाही.

आजीची काळजी निराळीच. "पोराले जेल तं नाही होत ना?"

लेक म्हणाली, "अर्ज मीच लिहितो. माय, तू फक्त अंगठा दे."