तुम्ही विचारलंत म्हणून: बायका खरंच जास्त बोलतात का?

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही: "मग काय, बायकाच जास्त बोलतात ना?" त्या शेवटच्या 'ना'मध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. तरी विचारलंत म्हणून सांगते. दिवसभराचे शब्द मोजले तर बायका किंचित जास्त बोलतात. स्त्री-पुरुष एकत्र बसलेल्या बैठकीत मोजलं तर बहुधा पुरुष जास्त बोलतात. दोन्ही खरं आहे. मायक्रोफोन कुठे ठेवला होता, एवढाच फरक.

आधी तो प्रसिद्ध आकडा निकालात काढू. बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते आणि पुरुष ७,०००, हे तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ लुअन ब्रिझेंडीन यांच्या २००६च्या पुस्तकामुळे तो सगळीकडे पसरला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन त्याचा उगम शोधत गेले, तेव्हा मागे कुठलंही मोजमाप सापडलं नाही. पुढच्या आवृत्त्यांतून आकडा काढून टाकला गेला. लोकांच्या तोंडून मात्र गेला नाही.

खरं मोजमाप २००७मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलं. मानसशास्त्रज्ञ मथायस मेल आणि सहकाऱ्यांनी ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र दिलं. दर साडेबारा मिनिटांनी ते ३० सेकंद आपोआप चालू व्हायचं, आणि कधी चालू आहे हे वापरणाऱ्याला कळायचं नाही. स्त्रियांची सरासरी निघाली १६,२१५ शब्द, पुरुषांची १५,६६९. म्हणजे फरक नसल्यातच जमा. सगळ्यात अबोल माणूस हजार शब्दांच्याही आत होता आणि सगळ्यात बोलका ४७,०००च्या आसपास. या दरीपुढे साडेपाचशे शब्द म्हणजे किस झाड की पत्ती.

इथे थोडं गणित करू, कारण बहुतेक गैरसमज इथेच जन्मतात. साडेबारा मिनिटं म्हणजे ७५० सेकंद, त्यातले ३० टिपले. म्हणजे दिवसाचा पंचविसावा भाग हाती आला. दिवसाचा अंदाज काढायला सापडलेले शब्द २५ने गुणायचे. साधारण वेगाने बोलणारा माणूस ३० सेकंदांत ६०-७० शब्द बोलतो. बाजूच्या टीव्हीतला आवाज चुकून त्याचा धरला, किंवा मायक्रोफोन स्वेटरखाली दबल्यामुळे एक तुकडा वाया गेला, तर एका फटक्यात दीड हजार शब्दांची चूक. शेकडो माणसं आणि अनेक दिवस असले की अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात. दहा जणांच्या 'सर्वेक्षणात' खात नाहीत. म्हणून चार मैत्रिणी आणि चार मित्र यांच्यावर एक दिवस केलेल्या प्रयोगाचा निकाल मला ऐकवू नका.

मेल यांच्याच गटाने २०२५मध्ये चार देशांतल्या २,१९७ लोकांवर हीच मोजणी मोठ्या प्रमाणावर केली. या वेळी स्त्रिया १३,३४९ आणि पुरुष ११,९५० आले. वयाप्रमाणे फोड केली तर खरा फरक २५ ते ६४ या गटात सापडला: २१,८४५ विरुद्ध १८,५७०. मुलांशी बोलण्याचा वाटा आईकडे जास्त येतो म्हणून असेल, हा एक तर्क. सिद्ध झालेला नाही. पहिल्या अभ्यासात सगळे विद्यार्थी होते, म्हणजे हा वयोगट जवळजवळ नव्हताच. नमुना कोणाचा घेतला हे विचारल्याशिवाय आकडा घेऊ नये तो यासाठी.

आता बैठकीकडे. डेबोरा जेम्स आणि जॅनिस ड्राकिच यांनी १९९३मध्ये मिश्र गटांवरचे ५६ अभ्यास तपासले. बायका एकूण जास्त बोलल्या असे निघाले फक्त दोन. २००७मध्ये लीपर आणि एअर्स यांनी बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा पुरुषांच्या बाजूने ०.१४ इतका प्रभाव निघाला. (प्रभाव म्हणजे दोन गटांतलं अंतर सांगणारं माप; शून्य असेल तर फरकच नाही.) हा आकडा पाहून कोणी घाबरायचं किंवा खूश व्हायचं कारण नाही. एक बाई आणि एक पुरुष अशा १०० जोड्या आंधळेपणाने उचलल्या, तर साधारण ५४ जोड्यांत पुरुष जास्त बोललेला असेल आणि ४६ जोड्यांत बाई. एवढ्यावरून समोरच्या एका माणसाबद्दल भाकीत करता येत नाही.

'पुरुष मध्येच तोडतात' याचीही अशीच गत. १९७५मध्ये झिमरमन आणि वेस्ट यांनी ११ मिश्र संभाषणांत ४८ वेळा बोलणं तोडलेलं पाहिलं, त्यातले ४६ पुरुषांकडून. हा आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. जेफ्री बीटी यांनी नंतर साधी शंका काढली: ११ संभाषणांत एकच बडबड्या गडी असेल तर? पुढे १९९८मध्ये अँडरसन आणि लीपर यांनी ४३ अभ्यास एकत्र केले. सरसकट मध्ये बोलणं धरलं तर फरक अगदी लहान. समोरच्याला गप्प करून बोलण्याची पाळी हिसकावणं तेवढंच मोजलं तर तो दुपटीहून मोठा, तरीही मध्यमच. थोडक्यात, 'तोडणं' कशाला म्हणायचं यावर निकाल फिरतो.

मराठीत तर हे जास्तच फिरतं. "अगं मग काय झालं", "हो ना", "नाहीतर काय" हे दुसऱ्याच्या वाक्यावरच पडतात आणि त्यांनी बोलणाऱ्याला जोर येतो. हे तोडण्यात धराल तर दोन जिवाभावाच्या मैत्रिणी सगळ्यात भांडखोर ठरतील. माझा ठोकताळा असा: मध्ये बोलल्यावर पहिल्याचं वाक्य पुरं झालं का? झालं असेल तर दुजोरा. वाक्य तुटलं आणि विषयही दुसऱ्याच्या हाती गेला तर तोडलं.

मराठीची आणखी एक गंमत. मुद्रणावरून लिहून काढलेला मजकूर कोण बोललं हे लपवून तपासायचा, म्हणजे तपासणाऱ्याचे पूर्वग्रह शिरत नाहीत. इंग्रजीत नाव झाकलं की बरंचसं काम होतं. मराठीत "मी गेले" म्हटलं की संपलं. "अरे" आणि "अगं" ऐकणाऱ्यालाही उघडं पाडतात. "मी सांगितलं" निभावून जातं, पण "मी जाते" नाही. तेव्हा क्रियापदांची शेपटं आणि संबोधनं झाकून मगच कागद तपासायला द्या. शब्दांच्या मोजणीतही सापळा आहे: 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. म्हणून वरच्या १६,०००शी मराठी आकडा ताडून पाहू नका.

तुमच्या कार्यालयात किंवा सोसायटीच्या सभेत मोजायचं असेल तर असं करा. सगळ्यांची परवानगी घ्या. पहिली सभा सोडून द्या. मुद्रण चालू आहे म्हटल्यावर लोक शहाण्यासारखे वागतात. पुढच्या निदान पाच घ्या. प्रत्येकाच्या बोलण्याच्या पाळ्या आणि सेकंद वेगळे लिहा, कारण दहा वेळा "चालेल" म्हणणारी बाई पाळ्यांत पुढे आणि वेळेत मागे असते. वाटा हजेरीच्या प्रमाणात बघा: दहांत तीन बायका असतील तर अपेक्षा ३० टक्क्यांची, निम्म्याची नव्हे. अध्यक्षांचं बोलणं बाजूला काढा, नाहीतर तुम्ही पुरुषपण मोजताय की खुर्ची, हे कळणार नाही. एकाच तुकड्याची नोंद दोघांनी एकमेकांना न विचारता करायची. पाचातल्या चार ठिकाणीसुद्धा त्यांचं जुळत नसेल तर व्याख्या सुधारा, माणसं बदलू नका. संगणकाने आपोआप उतरवलेल्या मजकुरावर विसंबू नका, त्यात 'हं' आणि एकावर एक पडलेलं बोलणं हमखास गळतं.

पहिलं कोण बोललं तेही टिपा. दहा देशांतली २४७ विद्यापीठीय व्याख्यानं पाहिलेल्या २०१८च्या अभ्यासात, पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे बायकांचे प्रश्न प्रमाणाने कमी येत होते.

आणि आणखी एक रकाना आखा. तमिळनाडूतल्या ग्रामसभांची लिखित नोंद तपासणाऱ्या २०१९च्या संशोधनात बायकांनी काढलेला विषय पुढे चालण्याची आणि त्यावर अधिकाऱ्यांकडून मुद्द्याचं उत्तर येण्याची शक्यता कमी दिसली. अध्यक्षपदी बाई असेल तिथे बायकांना उत्तर मिळण्याचं प्रमाण वाढलं. सेकंदांच्या तक्त्यात यातलं काहीच दिसलं नसतं. तेव्हा शेवटच्या रकान्यात एवढंच लिहा: उत्तर मिळालं का, आणि कोणाकडून.